शाळेची गावफेरी
(प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



प्रदक्षिणा ही गोष्ट मराठी माणसास नवी नाही. पोळ्याच्या दिवशी सजविलेले बैल वेशीच्या तोरणाखालून जातात व मारुतीच्या देवळास फेरी घालून घरी परततात. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरास असंख्य माणसे ब्रह्मगिरीची फेरी करतात. पंढरपुरास गेलेला वारकरी नगरप्रदक्षिणा घालतो. या साऱ्यांत चालणारा जेथून निघाला तेथेच परत येतो. त्याला कोठे पोहोचावयाचे नसते. एक जागा सर्व बाजूंनी पाहावयाची असते.

शाळेनेही अशी एक फेरी घालावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. गावाभोवती व गावात ज्या हिरव्या जागा उरल्या आहेत, त्यांना जोडणारी एक वर्तुळाकार पाऊलवाट प्रत्येक शाळेने ठरवावी. वर्षातून चार वेळा मुलांना त्याच वाटेने न्यावे. आणि जे दिसेल ते एका वहीत नोंदवून ती वही वर्षानुवर्षे जपावी. विषयाचा सारांश एवढाच. तो ऐकावयास सोपा आहे. त्याचे महत्त्व काय आणि तो आचरणात आणताना काय काय करावे लागेल, हे मात्र थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे.

सेलू हे मनमाडहून परभणीमार्गे सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील गाव. निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या आरंभी हा मार्ग सुरू झाला. कापसाची बाजारपेठ आणि केशवराज बाबासाहेब महाराजांचे देवस्थान यांमुळे या गावाचे नाव दूरवर गेले. भोवताली काळी कसदार जमीन. तालुक्यातून दुधना नदी वाहते आणि निम्न दुधना प्रकल्पाचे धरणही याच तालुक्यात आहे. वालूर येथे चक्राकार फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची प्राचीन बारव आहे. अलीकडच्या वर्षांत ग्रामस्थांनी ती श्रमाने स्वच्छ केली.

अशा मुलखातील मुलास गावातील हिरव्या जागा कोणत्या, असे विचारले तर ते बहुधा "बाग" असे उत्तर देते, आणि गावात बाग नसेल तर गप्प राहते. वस्तुतः हिरव्या जागा पुष्कळ असतात. देवळामागचा पिंपळ व त्याचा पार ही एक. पाणवठ्याच्या काठची उंबराची व करंजाची झाडी ही दुसरी. स्मशानभूमीतील जुनी कडुनिंबे, बाजारतळावरील चिंच, गायरान, शिवेवरील बाभळींची रांग, लोहमार्गालगतची गवताळ पट्टी, शाळेचे अंगण, दर्ग्याशेजारचा वड, पडक्या गढीच्या आतील बोरी या सर्व हिरव्या जागाच होत. त्या एकमेकींपासून तुटलेल्या असल्याने कोणाच्या ध्यानात येत नाहीत. त्यांना जोडणारी वाट आखली म्हणजे त्यांचे एक वलय तयार होते, व गावाला असे वलय आहे हे प्रथमच लक्षात येते.

परदेशातही हा विचार झालेला आहे. इंग्लंडमध्ये एबनेझर हॉवर्ड याच्या कल्पनेनुसार १९०३ साली लेचवर्थ हे पहिले उद्याननगर वसविण्यास आरंभ झाला. त्या नगरास शंभर वर्षे झाली तेव्हा, २००३ साली, नगराभोवतीच्या शेतांतून व झाडीतून जाणारी सुमारे २२ किलोमीटर लांबीची एक वर्तुळाकार पायवाट तेथील लोकांनी स्मारक म्हणून केली. शताब्दीसाठी पुतळा किंवा कमान न उभारता चालण्याची वाट करावी असे त्यांना वाटले, ही गोष्ट शिक्षकाने मनात ठेवण्याजोगी आहे. तथापि एवढ्या दूर जाण्याची गरज नाही. वाट आणि गाव यांचा संबंध किती जवळचा आहे, हे दाखविणाऱ्या दोन घटना आपल्या भाषेच्या परिसरातच घडलेल्या आहेत.

पहिली घटना होळकरांच्या इंदुरातील. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार १९१४ साली हिंदुस्थानात आला. पुढे १९१९ ते १९२४ या काळात तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा प्राध्यापक होता. गावासंबंधी काहीही योजण्यापूर्वी गाव स्वतः पायी फिरून पाहावा, असा त्याचा आग्रह असे. इंदूर शहराची पाहणी करण्याचे काम त्याच्याकडे आले तेव्हा तेथे प्लेग व हिवताप यांनी ठाण मांडले होते. गल्लोगल्ली फिरून नकाशे करणाऱ्या या परक्या माणसाकडे लोक प्रथम संशयानेच पाहत. १९१७ सालच्या दिवाळीत त्याने एक मिरवणूक काढण्याचे ठरविले. मिरवणुकीचे जुने ठरलेले मार्ग होते. ते त्याने सोडून दिले. ज्या रस्त्यांवरील घरे लोकांनी सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त केलेली असतील त्या रस्त्यांनी मिरवणूक जाईल, असे त्याने जाहीर केले. मग काय विचारता! आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागली. कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर पडल्या. मिरवणुकीत सफाई कामगारांना मानाचे स्थान देण्यात आले आणि शेवटी प्लेगच्या उंदराच्या प्रतिमेचे दहन झाले. गेडिसचा इंदूरविषयक अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

या घटनेतील मर्म शिक्षकांनी नीट ध्यानी घ्यावे. स्वच्छतेचा हुकूम याआधीही अनेकदा निघाला असेल. पण आपल्या दारावरून माणसे जाणार आहेत, ती पाहणार आहेत, या एका जाणिवेने जे झाले ते हुकुमाने झालेले नव्हते.

दुसरी घटना कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, महाडची. ती याहून फार मोठी आहे आणि तिचे स्मरण आदराने केले पाहिजे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या लोकांना करता यावा, असा ठराव सी. के. बोले यांनी मांडला व मुंबई विधिमंडळाने तो १९२३ च्या ऑगस्टमध्ये संमत केला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात त्या काठावर जाण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या मंडपातून निघाले, हजारो माणसे शिस्तीने त्यांच्यामागून चालली, आणि तळ्यावर जाऊन त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर त्या माणसांना मारहाण सोसावी लागली, न्यायालयात वर्षानुवर्षे झगडावे लागले. तरीही तळे सार्वजनिक होण्याचा प्रारंभ त्या चालण्यापासून झाला, असेच इतिहास मानतो.

इंदूर व महाड यांची तुलना करावयाची नाही. एक स्वच्छतेचा उत्सव होता, दुसरा माणुसकीचा लढा. परंतु दोहोंमधून एकच गोष्ट स्पष्ट होते. जागा सार्वजनिक आहे असे दप्तरात लिहिल्याने ती सार्वजनिक राहत नाही. सर्व माणसे जेथे जातात, उघडपणे व वारंवार जातात, तीच जागा सर्वांची राहते. गावफेरीचा उद्देश याच तत्त्वावर उभा आहे.

गावच्या हिरव्या जागांची आजची स्थिती या दृष्टीने पाहावी. गायरान म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये चराई, स्मशानभूमी इत्यादी सार्वजनिक कामांसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. गावाच्या नकाशात शिवरस्ते, पाणंदी व पायवाटा तुटक रेषांनी दाखविलेल्या असतात. पण नकाशातील रेषा आणि जमिनीवरील वाट यांची फारकत होत चालली आहे. जी पाणंद दोन गाड्या शेजारून जाव्यात एवढी रुंद होती, ती दोन्ही बाजूंच्या बांधांनी आवळत आणून एका माणसापुरती केलेली आढळते. कोणी एका दिवसात ती गिळत नाही. दरवर्षी नांगराचे एक तास पुढे सरकते, आणि वापर थांबलेला असल्याने ते कोणाच्या लक्षात येत नाही. पाणवठ्याच्या काठी राडारोडा टाकला जातो. कारण तिकडे कोणी जात नाही. कोणी जात नाही म्हणून वेडी बाभूळ व गाजरगवत माजते; आणि ते माजले म्हणून पुन्हा कोणी जात नाही. गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याची व्यवस्था राज्यांनी करावी, असा स्पष्ट निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग प्रकरणाच्या निकालात दिला. निकाल आहे, कायदा आहे, नकाशा आहे. चालणारी पावले मात्र कमी झाली आहेत. आणि आज ज्या मुलाने गायरान पाहिलेच नाही, ते उद्या ग्रामसभेत बसले तर गायरानासाठी बोलणार तरी काय?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

फेरीची आखणी शिक्षकाने प्रथम एकट्याने किंवा सहकाऱ्यासह करावी. गावचा नकाशा तलाठी कार्यालयात पाहावयास मिळतो. तो पाहून कागदावर एक कच्चे वर्तुळ काढावे आणि मग गावातील एखाद्या जाणत्या वृद्धास, शक्य तर गुरे राखणाऱ्यास, बरोबर घेऊन ती वाट पायाखाली घालावी. गुराख्याइतके गायरान कोणालाच ठाऊक नसते. तिसरी व चौथीच्या मुलांसाठी फेरीची लांबी तीन किलोमीटरपेक्षा अधिक नसावी. तेवढे अंतर मुले तासाभरात चालतात. थांबे धरून अडीच तास लागतात. पहिली व दुसरीच्या मुलांस फेरीचा एखादा किलोमीटरचा तुकडाच पुरे. वाट शाळेपासून निघून शाळेशी संपावी. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत येणे टाळावे. थांबे सातच ठेवावेत. अधिक ठेवले की मुले थकतात आणि शेवटच्या थांब्यांना न्याय मिळत नाही.

सेलूसारख्या मोठ्या गावी लोहमार्ग व वर्दळीचे रस्ते यांचा विचार प्रथम करावा लागेल. फेरी शक्यतो लोहमार्गाच्या एकाच बाजूस ठेवावी. मोठा रस्ता ओलांडावाच लागला तर एकाच ठिकाणी व दोन मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली ओलांडावा. मोठ्या गावात अनेक शाळा असतात. त्यांनी वर्तुळाचे भाग वाटून घ्यावेत. प्रत्येक शाळा आपला तुकडा सांभाळील, आणि वर्षाअखेर सर्वांच्या नोंदी एकत्र ठेवल्या म्हणजे सबंध गावाचा नकाशा तयार होईल.

वाट निवडताना आणखी एक दक्षता अवश्य घ्यावी. जुन्या गावांत काही वस्त्या वेशीबाहेर ठेवलेल्या होत्या. गावाच्या नित्याच्या मिरवणुका त्या वस्त्यांवरून जात नसत. शाळेची फेरी त्या वस्त्यांना वळसा घालून गेली तर ती जुन्याच अन्यायाची पुनरावृत्ती ठरेल. फेरी प्रत्येक वस्तीवरून जावी, प्रत्येक वस्तीत एक थांबा असावा, आणि त्या थांब्यावर माहिती सांगण्याचे काम त्याच वस्तीतील मुलाकडे द्यावे. वर्गात मागे बसणारे मूल आपल्या वस्तीतील लिंबाखाली उभे राहून बोलू लागते, तेव्हा त्याची खरी बुद्धी शिक्षकास दिसते. पारध्यांच्या, धनगरांच्या, गुराख्यांच्या मुलांना पाखरांची व वनस्पतींची जी ओळख असते ती पुष्कळदा शिक्षकासही नसते. तेथे शिक्षकाने शिकण्याची तयारी ठेवावी.

फेऱ्या चार. पहिली जूनअखेर किंवा जुलैच्या आरंभी, दुसरी ऑक्टोबरमध्ये, तिसरी जानेवारीत व चौथी मार्चच्या मध्यास, सकाळच्या शाळेच्या वेळी. वाट तीच व थांबे तेच. नवख्या शिक्षकास वाटेल, की तेच ते पाहून मुले कंटाळतील. अनुभव याच्या उलट येतो. कारण वाट तीच असली तरी देखावा तोच राहत नाही.

पहिल्या फेरीच्या वेळी नुकत्याच झालेल्या पावसाने पाणवठ्यात गढूळ पाणी असते, काळी माती पायाला चिकटते, टाकळा उगवू लागलेला असतो आणि पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीचे विणकाम सुरू असते. ऑक्टोबरात पाणी निवळलेले, गवत कमरेइतके, तरवड पिवळा झालेला, आणि कापसाची पहिली बोंडे फुटलेली. जानेवारीत ज्वारी कणसात येते व हरभऱ्यास घाटे धरतात. ओलावा उतरत जातो आणि काळ्या रानास भेगा पडू लागतात. त्या भेगेत काठी घालून तिची खोली मोजावी. मार्चात पळस फुललेला असतो, पिंपळास तांबूस पालवी फुटते, कडुनिंब जुनी पाने टाकून नवी धरतो, आणि पाणवठ्याच्या तळाशी चिखल वाळून त्यावर पाखरांच्या पावलांचे ठसे उमटलेले असतात. मोकळ्या माळावर टिटवी ओरडू लागली की तिची अंडी जवळच उघड्यावर आहेत असे समजावे व मुलांना तेथून दूर न्यावे. ही चार चित्रे एकाच जागेची आहेत, हे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिले त्याला ऋतुचक्र पुस्तकातून निराळे शिकवावे लागत नाही.

प्रत्येक थांब्यावर काय करावे? थोडेच, पण नेमके करावे. एका थांब्यावर एक झाड "शाळेचे झाड" म्हणून निवडावे व जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर सुतळीने त्याचा घेर मोजावा. चौथीच्या मुलाची उंची साधारण तेवढीच असते, म्हणून माप घेणे सोपे जाते. घेरास ३.१४ ने भागले की खोडाची जाडी मिळते. दुसऱ्या थांब्यावर विहिरीतील पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते गाठी मारलेल्या दोरीने पाहावे. हे माप शिक्षकानेच घ्यावे, मुलांनी कठड्यापासून दूर उभे राहून गाठी मोजाव्यात. तिसऱ्यावर पाणंदीची रुंदी मोजावी. चौथ्यावर पाच मिनिटे पूर्ण शांत बसून किती प्रकारचे आवाज ऐकू आले ते सांगावे. पाचव्यावर उंबराचे एक पिकलेले फळ फोडून त्यातील चिमुकले कीटक दाखवावेत आणि फूल, फळ व कीटक यांचे साहचर्य समजावून सांगावे. सहाव्यावर गावातील एखाद्या ज्येष्ठ स्त्रीने जात्यावरची, औषधी पाल्याची किंवा पूर्वीच्या पाणवठ्याची हकिकत सांगावी. सातवा थांबा शाळेचे अंगण. तेथे एक काठी रोवून तिच्या सावलीची लांबी दर फेरीस मोजावी. सेलूच्या अक्षांशावर जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, आकाश निरभ्र असेल तर, भर दुपारी सरळ काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. जानेवारीत तीच बरीच लांब पडते. पृथ्वीच्या कललेल्या आसाचा पाठ शिकविण्यास याहून स्वस्त साधन नाही.

अंतर मोजण्यासाठी टेपची गरज नाही. मैदानावर शंभर मीटर मोजून घ्यावेत व प्रत्येक मुलाने तेवढ्या अंतरास आपली किती पावले पडतात ते मोजावे. मग सबंध फेरी पावलांनी मोजता येते. प्रत्येकाचे उत्तर थोडे निराळे येते. ते तसे का येते याची चर्चा हाच सरासरीचा पाठ होय. भाषा, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला हे विषय फेरीत आपोआप येतात. यास्तव अभ्यासक्रम मागे पडतो ही भीती बाळगू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये वरच्या वर्गांसाठी दप्तराविना दिवसांची सूचना आहे. गावफेरी हा त्या दिवसाचा उत्तम उपयोग ठरेल.

शाळा बाहेर नेण्याची परंपरा महाराष्ट्रास जुनी आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखावयास जात. म्हणून शाळेत येत नसत. मुले शाळेत येत नाहीत अशी तक्रार करीत त्या बसल्या नाहीत. जेथे गुरे चरत तेथेच शिक्षक जाऊ लागले, आणि "कुरणशाळा" हा शब्द मराठी शिक्षणाच्या कोशात दाखल झाला. ज्या कुरणाला शिकण्यातील अडथळा समजले जात होते तेच शिकण्याचे ठिकाण झाले.

आता अडचणी. त्या खऱ्या आहेत आणि त्या टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिली अडचण वेळेची. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक बैठकीस गेला की दुसऱ्यास चार वर्ग सांभाळावे लागतात. शिवाय माहिती भरण्याचे काम असते. अशा शाळेने चारही फेऱ्यांचा हट्ट धरू नये. पावसाळ्यानंतरची व उन्हाळ्याआधीची अशा दोन फेऱ्या नेमाने केल्या तरी वही अखंड राहते. एक वर्ष मोठा उत्साह व पुढील वर्षी काहीच नाही, यापेक्षा दोन फेऱ्या दहा वर्षे चालू राहणे अधिक मोलाचे आहे.

दुसरी अडचण सुरक्षिततेची. पालकांची लेखी संमती, दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस, पायात पादत्राणे, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी या गोष्टी अनिवार्य समजाव्यात. गवतात काठी आपटीत पुढे जावे. गाजरगवतास हात लावू देऊ नये. त्याने कातडीस खाज व दम्यासारखा त्रास होतो. हे तण १९५० नंतरच्या दशकात पुण्याकडे प्रथम नोंदले गेले व आता सर्वत्र पसरले आहे, हेही जाता जाता सांगावे. पाण्यात कोणालाही उतरू देऊ नये. एप्रिल-मे मध्ये फेरी काढूच नये. परभणी जिल्ह्यातील ऊन त्या महिन्यांत पोरांचे नव्हे.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक. पाणंदीची रुंदी दरवर्षी मोजली म्हणजे ती कोठे घटली हे दिसणार. ज्याचा बांध पुढे आला तो गावातीलच, कदाचित शाळेच्या समितीवरीलच माणूस असणार, आणि शिक्षकास त्याच गावात राहावयाचे आहे. याबाबत मर्यादा स्पष्ट असावी. शिक्षक हा महसूल अधिकारी नव्हे व मुले पंच नव्हेत. वहीत कोणाचेही नाव लिहू नये, आरोप लिहू नये, अनुमान लिहू नये. "चिंचेपासून पाणवठ्यापर्यंत पाणंद, मोजलेली रुंदी, दिनांक" एवढेच लिहावे. मोजमाप खरे असावे व प्रत्येक वर्षी एकाच ठिकाणी घेतलेले असावे. वर्षाअखेर ती वही शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवावी, आणि समितीस योग्य वाटल्यास तिने ती ग्रामसभेत वाचावी. पुढे काय करावयाचे हा ग्रामसभेचा अधिकार आहे. मुलांच्या अक्षरातील आकडा सभेत वाचला गेला तर त्यास उत्तर देणे भल्याभल्यांस अवघड जाते. आणि पुष्कळदा असे घडते, की वाचण्याची वेळ येण्यापूर्वीच बांध मागे सरकतो. इंदुरात मिरवणुकीच्या वाटेवर जे घडले त्याचेच हे लहान रूप होय.

कोणी असेही म्हणेल, की ज्या गावात हिरवे काही उरलेच नाही तेथे फेरी कशाची काढावी? अशा गावी तर ती अधिक अगत्याने काढावी. पहिल्या वर्षी सात थांब्यांपैकी तीन उजाड असतील, तर वहीत "येथे सावली नाही" असेच लिहावे. दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या फेरीत त्या तीन ठिकाणी एकेक रोप लावावे. वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच, करंज ही इथल्या मातीची झाडे घ्यावीत. मार्चच्या फेरीत रोप जगले आहे की नाही ते पाहावेच लागणार असल्याने त्यास पाणी कोण घालतो हा प्रश्न आपोआप उपस्थित होईल. वृक्षारोपणाच्या दिवशी लावलेली रोपे का जगत नाहीत, याचे कारण बहुधा हेच असते, की लावणारा पुन्हा त्या वाटेने जात नाही.

फेरीची वही जाड पुठ्ठ्याची असावी. ती शाळेच्या दप्तरात हजेरीपटाशेजारी ठेवावी व शिक्षकाची बदली झाली तर कार्यभारात तिचा उल्लेख करून ती नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी. प्रत्येक फेरीस दोनच पाने वापरावीत. डाव्या पानावर मोजमापे, उजव्या पानावर मुलांनी लिहिलेले व काढलेले. आज पहिलीत असलेले मूल चौथीतून बाहेर पडेल तेव्हा तिच्यात सोळा फेऱ्यांची नोंद असेल. त्या मुलाचे मूल शाळेत येईल तेव्हा ती वही जुनी झालेली असेल, आणि ज्या झाडाचा घेर बापाने किंवा आईने सुतळीने मोजला त्याच झाडाचा घेर ते मूल मोजील.

यंदाच्या पहिल्या फेरीसाठी पुढील पंधरवड्यात प्रत्येक शाळेने वाट पायाखाली घालून तिचा कच्चा नकाशा करावा, सात थांब्यांची नावे मुलांच्या तोंडची असतील तीच ठेवावीत, आणि पावसाचा एक दमदार सडाका पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी निघावे.